यादीतली सातवी बकरी

माझं काम नेमकं काय, हे मला माझ्या आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. सिंदीला आमच्या घरी कुणी विचारलं, "तुमची वैशाली काय करते जी?" की आई म्हणायची, "कुठं पूर आला, आग लागली, का ते तिथं जाते अन् लेकराईले प्रश्न इचारते." विचारणाऱ्याला पुढे काहीतरी असेल, असं वाटायचं.

"मंग?"

"मंग घरी येते."

सव्वीस वर्षं मी हेच केलं. पूर, आग, दंगल, वादळ, काहीही झालं की पहिल्या दोन दिवसांत धान्य येतं, ताडपत्री येते, डॉक्टर येतात. मुलांचं काय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण मुलं दिसायला मजेत असतात. त्यांना शाळेला सुट्टी मिळालेली असते आणि गावभरची भावंडं एकाच छपराखाली आलेली असतात. म्हणून आम्ही जायचो. किती मुलं आहेत, कुणाबरोबर आहेत, कुणी आईबापांपासून तुटलं का, शाळा उभी आहे का, पुस्तकं वाहून गेली का, संडासाच्या दाराला कडी आहे का, मुलींना कुठल्या कोपऱ्यात जायला भीती वाटते, कुणी अनोळखी माणूस "पोरीला काम देतो" म्हणत फिरतोय का, कुठे घाईघाईत लग्न ठरतंय का, हे सगळं विचारायचं, लिहायचं आणि ज्यांच्या हातात काही करणं आहे त्यांच्यापर्यंत लवकरात लवकर पोचवायचं. सोपं वाटतं. मलाही वाटायचं.

या धंद्याचे काही नियम आहेत. खोटं आश्वासन द्यायचं नाही. मुलाला "पुराच्या वेळी काय झालं ते सांग" असं विचारायचं नाही; त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. मोठ्यांसमोर मुलाला विचारायचं नाही. आणि मुलांना कुठल्याही धोक्याच्या जागी न्यायचं नाही. यातला शेवटचा नियम मी एकदा मोडला. ती गोष्ट सांगते.

वेणा नदीने त्या पावसाळ्यात हिंगणघाटच्या आसपासच्या बऱ्याच गावांना धुतलं. नदीकाठच्या एका लहानशा गावातली सगळी घरं पाण्यात गेली आणि गावाला हायवेवरच्या एका जिनिंगमध्ये आणून ठेवलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. हंगाम दिवाळीनंतरचा, त्यामुळे पावसाळ्यात शेड रिकामी, उंच आणि कोरडी. एका कोपऱ्यात मागल्या हंगामाची सरकी उरली होती. तिचा छातीएवढा ढीग होता आणि मुलं त्यावरून घसरत होती. आम्ही पोचलो तेव्हा शेडमधून असा काही ओरडा येत होता की माझा सहकारी निनाद गाडीतच थबकला.

"ताई, आत काही झालंय का?"

"खेळतायत," मी म्हटलं.

निनाद पुण्याचा, पन्नाशीला आलेला, आकड्यांचा पक्का माणूस. त्याच्याकडे टॅब होता आणि टॅबमध्ये आमचा बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म. विदर्भात तो पहिल्यांदाच आला होता. सकाळी नाश्त्याच्या वेळी टपरीवाल्याने "सांभार टाकू का वर?" विचारल्यावर त्याने "नको, पोह्यांवर सांबार कशाला" म्हणून कोथिंबिरीविना पोहे खाल्ले होते. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मी त्याला मुद्दामच सांगितलं नाही.

शेडमधली व्यवस्था उत्तमराव पाहत होते. गावातले भाजीवाले शेतकरी, साठीचे, उंचेपुरे. त्यांची वांगी-कोबीची वाडी चिखलाखाली गेली होती. तरी पहाटेपासून उभे राहून ते सगळ्यांची खिचडी शिजवून घेत होते आणि खिशात गावाची यादी ठेवून होते. त्यांनी यादी दाखवली. मुलं सदतीस.

"पक्की यादी आहे?"

"घर-घर लिहेल हाय, बाई. माह्या गावातलं एक बी लेकरू सुटलं नाई."

मग आम्ही मुलांकडे वळलो. पहिल्याच प्रश्नाला एक मुलगी पुढे आली. अकरा वर्षांची, दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि घसरून घसरून फ्रॉकला मागून सरकी चिकटलेली. नाव प्राची.

"काय करतेस?" निनादने टॅबवरून मान वर न करता विचारलं.

"मी पाचवीत शिकतो."

निनादने 'मुलगा' वर बोट टेकवलं. आमच्याकडे बायकाही "मी जातो, मी येतो" म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात त्या जिनिंगमध्ये टॅबच्या मते एकही मुलगी उरली नाही. तो घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला, "ताई, सगळ्या मुली गायब आहेत, हे गंभीर आहे," तेव्हा मी सरकीच्या ढिगावर बसून पोट धरून हसले. प्राचीला कारण कळल्यावर तिने ते सगळ्यांना सांगितलं आणि मग शेडभर मुली "मी मुलगा हावो!" ओरडत पळत सुटल्या.

पुढचे प्रश्नही असेच गेले.

"पुराआधी तुझा आवडता छंद कोणता होता?"

"झोप."

"आता कशाची भीती वाटते?"

"गणिताच्या सरची. सर वाचले का वो पुरातून?"

"हो, सुखरूप आहेत. वर्ध्याला बहिणीकडे आहेत."

"मंग त्याईचीच."

संध्याकाळ होण्याआधी मला माझं नाव मिळालं होतं, फॉर्मवाली बाई. लहान मुलं माझ्या मागे रांग लावून "मले बी पुसा नं, मले बी पुसा" म्हणत होती. या कामात असे दिवस क्वचित येतात आणि आले की चढतात. मी तरंगतच होते.

प्राची एक वही घेऊन आली. "बाई, आमची बी यादी हाय."

मुलांनी स्वतःची हजेरी ठेवली होती. रोज सकाळी प्राची नावं वाचायची आणि सगळे "हजर" ओरडायचे. वहीत नावं चव्वेचाळीस.

"ही तर सात जास्त आहेत," निनाद म्हणाला.

"बकऱ्या हायेत त्याच्यात," प्राची म्हणाली. "त्या बी येते हजेरीले."

तेवढ्यात खिचडीची परात वाजली आणि प्राचीसकट सगळे उधळले. मी वही मांडीवर घेतली. बाकी सगळ्यांची नाव-आडनाव अशी पूर्ण नावं होती. आडनाव नसलेली नावं अशी: चांदणी, ढवळी, बिजली, टिक्की, रामप्यारी, मुंगी, सोमी. मी सातही नावांवर पेन्सिलीने रेघ मारली. उरली सदतीस. उत्तमरावांची यादी, मुलांची यादी, आमचा फॉर्म, तिन्ही जुळले. निनादने असा आकडा आयुष्यात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी यादी जुळणं म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरी. त्याने टॅब छातीशी धरला आणि तिथूनच फॉर्म वर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना नकाशाचा खेळ दिला. शेडच्या फरशीवर खडूने सगळा परिसर काढायचा: शेड, नळ, संडास, रस्ता, नदी. मग जिथे छान वाटतं तिथे सरकी ठेवायची आणि जिथे भेव लागतं तिथे खडा. बेचाळीस प्रश्नांतून निघत नाही ते या खेळातून दहा मिनिटांत निघतं. संडासावर खड्यांचा डोंगर झाला, कारण कडी नव्हती. उत्तमराव मागे उभे होते; त्यांनी लगेच तारेचा तुकडा शोधायला माणूस पाठवला. सरकी सगळी सरकीच्या ढिगावर गेली, हे सांगायला नको.

प्राचीने मात्र एक सरकी शेडच्या मागे, जुन्या इंजिनच्या खोलीवर ठेवली.

"तिथे कोण आहे?"

"सोमी."

"बकरी तिथे बांधता का?"

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या मुलीकडे. मग दोघी अशा हसल्या की त्यांना श्वास घेता येईना. बातमी फरशीवरून पसरली आणि एकेक जण लोळायला लागला. "बाईनं सोमीले बकरी केलं!" कुणी चार पायांवर होऊन बें-बें करत माझ्याभोवती फिरू लागलं. मीही हसत होते. मुलांचं हसू लागतंच.

"सोमी बकरी नोय बाई, पोट्टी हाय! बकऱ्या तिच्या हायेत!"

माझं हसू तोंडावरच राहिलं.

सोमी आठ-नऊ वर्षांची. तिचे बाबा आणि आजी निंदणाच्या कामासाठी आलेले, गावाबाहेर शेतात खोपडी बांधून राहिलेले, गोंड समाजाचे. घरात गोंडी बोलणारे. खोपडी गेल्यावर तेही लोकांच्या मागोमाग जिनिंगला आले, पण शेडमध्ये सगळं ओळखीचं गाव बसलेलं पाहून मागच्या इंजिनच्या खोलीत टेकले. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. मुलांना मात्र पहिल्याच दिवशी बकऱ्यांचा माग काढत काढत सोमी सापडली. तेव्हापासून रोज डब्यात खिचडी तिकडे जात होती आणि प्राची चार दिवसांत थोडं थोडं गोंडी बोलायला लागली होती. आडनाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून वहीत नुसती सोमी.

उत्तमरावांचा चेहरा उतरला. "मले कोनं सांगतलंच नाई."

"तुमी पुसलं काऊन नाई, आबा?" प्राची म्हणाली. तिने सहज विचारलं होतं. उत्तमराव खिशातली यादी काढून पुन्हा वाचू लागले. पण सोमीवर रेघ मारणारी पेन्सिल माझ्याच हातात होती.

"चला, भेटू तिला," मी उठले.

"ते नाई हाय आता. बकऱ्या घेऊन नदीकडं गेली. तिकडं चारा हाय."

त्या सकाळी तासाभरापूर्वी तहसीलची गाडी भोंगा लावून गेली होती. वर धरणाचे दरवाजे उघडणार आहेत, नदीकाठी कुणीही जाऊ नये. दोनदा सांगितलं होतं, स्वच्छ मराठीत. सोमीला मराठी येत नव्हती. तिचे बाबा पहाटेच रस्त्यावरचा गाळ काढायच्या कामावर गेले होते आणि आजीला कमी ऐकू यायचं.

आम्ही निघालो. उत्तमराव, निनाद, मी. आणि प्राची. तिला नेऊ नये हे मला कळत होतं. पण आमच्यापैकी कुणाचीही हाक सोमीला कळली नसती. प्राचीची आई म्हणाली, "न्या बाई, पण हात सोडजो नोका." मी तिचा हात असा धरला की नंतर तिने वळ दाखवला.

कापसाच्या वावरातून जायचं होतं. आमची काळी माती ओली झाली की पायाला धरते. दर पावलाला पाय किलोभर जड होतो. निनादचा एक बूट मातीने ठेवून घेतला. त्याने वाकून शोधायला सुरुवात केली. उत्तमराव ओरडले, "राहू द्या तो, पुढच्या साली उगवन!" तशाही वेळी आम्ही हसलो. भीती आणि हसू एकाच जागेवरून निघतात की काय कोण जाणे.

सोमी दिसली. नाला आणि नदी यांच्या मधल्या टेकाडावर, बाभळीखाली आरामात बसलेली, भोवती सहा बकऱ्या. तिच्या आणि आमच्या मध्ये नाला. एरवी घोट्याएवढा, आता नदीचं पाणी उलटं शिरून मांडीपर्यंत आलेला. ते वाढत होतं. काठावरची एक चप्पल आमच्या डोळ्यांदेखत हलली आणि निघून गेली.

प्राचीने हाक मारली. काय म्हणाली ते मला कळलं नाही. सोमी उठली, पाण्याकडे पाहिलं आणि बकऱ्यांकडे बोट दाखवून लांबलचक काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"पयले बकऱ्या न्या म्हनते. मंग मी येतो."

"सांग तिला, आधी ती."

प्राचीने सांगितलं. सोमी खाली बसली. तिच्या बाजूने बोलणं संपलं होतं.

उत्तमरावांनी धोतर वर खोचलं, काठीने तळ चाचपत पाण्यात उतरले. त्यांच्या मागे एका बुटाचा निनाद. मी म्हटलं, "तुला पोहता येतं का?" तो म्हणाला, "टिळक तलावात," आणि गेला. पलीकडे पोचल्यावर उत्तमरावांनी सोमीला उचलून खांद्यावर घेतलं. तिने त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत जे काही सुनावलं, ते प्राचीने मला सांगायला नकार दिला. मग सोमीने बुक्क्या थांबवल्या आणि खांद्यावरूनच निनादला बोटाने एक बकरी दाखवली. काळी, शिंगं वाकडी, चेहऱ्यावर मोठा तोरा. रामप्यारी.

"ते घ्या, सर!" प्राची इकडून ओरडली. "ते आली का बाकीच्या येते!"

निनादने जन्मात बकरी उचलली नव्हती. त्याने तिला लॅपटॉपसारखं दोन्ही हातांवर आडवं धरलं. रामप्यारीने शांतपणे त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र तोंडात घेतलं आणि चावायला लागली. असे ते दोघे नाल्यात उतरले. उरलेल्या पाच क्षणभर काठावर थिजल्या, मग एकीने उडी घेतली आणि तिच्या मागे सगळ्या, नुसती डोकी वर, बें-बें करत. एक जरा खाली वाहत गेली, प्राची किंचाळली, "मुंगी! मुंगी!" मी एका हाताने प्राचीला धरलं, दुसऱ्याने पुढे झुकून मुंगीचा कान पकडला आणि तिला ओढून काठावर घेतलं. मीच आडवी झाले चिखलात. मुंगी माझ्यावरून चालत गेली.

आम्ही सगळे अलीकडे होतो. मी मोजलं. मग प्राचीने मोजलं. मग उत्तमरावांनी. सोमी खाली उतरली, आधी बकऱ्या तपासल्या, मग आम्हाला. निनादच्या तोंडावर चिखल, गळ्यात अर्धं ओळखपत्र, पायात एक बूट. ती हसली. ती हसली म्हणून प्राची हसली आणि मग आम्ही मोठी माणसं त्या वावरात उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तासाभराने वरचं पाणी आलं. जिनिंगच्या कचेरीच्या गच्चीवरून पाहिलं तेव्हा टेकाड नव्हतं, बाभळीचा शेंडा तेवढा होता. तेव्हा कुणी हसलं नाही.

दुपारी निनादने फॉर्म दुरुस्त करायला घेतला. पाठवलेला फॉर्म उघडेना. त्याने वरच्या कार्यालयात फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, त्या आकड्यावर मंजुरी पुढे गेली आहे, आता नवा फॉर्म, नव्या सह्या. एकाच्या फरकाने काय होतंय? निनाद सौम्य माणूस. मी त्याला आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. तो उभा राहिला आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं ओरडला, "एक पोट्टी हाय ते, साहेब! फरक नोय!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. फॉर्म उघडला गेला. अडतीस.

इंजिनच्या खोलीतून सोमीची आजी, बाबा आणि बकऱ्या उत्तमरावांनी स्वतः शेडमध्ये आणल्या आणि आपल्या अंथरुणाशेजारी जागा करून दिली. आजीशी त्यांचं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं आणि दोघंही बहुधा वेगवेगळ्या विषयांवर बोलत असत. पाणी ओसरल्यावर त्यांनी सोमीच्या बाबांना आपल्याच वाडीत काम दिलं आणि गावातच खोली दिली. हे माझ्या अहवालाने झालं असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. सव्वीस वर्षांत मी किती याद्या जुळवल्या. त्यांतल्या किती अशाच, पेन्सिलीची एक रेघ मारून जुळल्या असतील? तेव्हा प्राची नव्हती, म्हणून मला कळलं नाही. नंतरच्या सगळ्या वर्षांत, यादी पहिल्याच दिवशी जुळली की मी मुलांकडे जाऊन विचारायचे, "अजून कोण आहे रे?" बहुतेक वेळा कुणीतरी असायचंच.

चार दिवसांनी शेडमध्येच शाळा सुरू झाली. सरकीचा ढीग बाजूला सारला, नवी हजेरी आली, गणिताचे सर वर्ध्याहून आले आणि मुलांनी भीती वाटूनही त्यांना मिठ्या मारल्या. सरांनी खुर्चीवर बसून हजेरी उघडली. एकेक नाव, एकेक "हजर". अडतिसावं नाव सगळ्यात खाली होतं, यावेळी आडनावासकट.

"सोमी मडावी."

सोमी पहिल्या रांगेत, प्राचीच्या शेजारी, नवी पाटी उराशी धरून बसलेली. "हजर" म्हणायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; वहीच्या हजेरीला तिच्या वाटचं "हजर" प्राचीच ओरडायची.

"सोमी मडावी," सर चष्मा सावरत पुन्हा म्हणाले आणि शेडभर नजर फिरवून तिला शोधू लागले.

सोमी ताडकन उभी राहिली आणि गोंडीत, छपराचे पत्रे वाजावेत अशा आवाजात, एक आख्खं वाक्य ओरडली.

सर दचकले. "काय म्हणते ही?"

प्राची उठली. तिने फ्रॉक झटकला, दोन्ही वेण्या मागे टाकल्या आणि नीट समजावून सांगितलं.

"ते म्हनते सर, मी तं इथंच हावो. तुमाले दिसत नाई का?"